शिक्षाबाईंची सुट्टी

प्रभुभोजनाचं ताट रांगेतून तुमच्यापर्यंत येतं. तुमच्या शेजारची बाई त्यातला भाकरीचा तुकडा न उचलताच ते ताट तुमच्या हातात देते. तेव्हा तुम्ही काय करता? खरं सांगा. सगळे करतात तेच करत असाल. आपला तुकडा घ्यायचा, डोळे मिटायचे आणि ताट पुढे द्यायचं. जयपूरच्या आमच्या मराठी मंडळीत वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. ज्यांच्यावरून ते ताट असं कोरडं पुढे जायचं, त्यांना आम्ही शिक्षाबाई म्हणायचो.

मंडळी म्हणजे काय, तर बदलीवर आलेली दहा-बारा ख्रिस्ती कुटुंबं. कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, कुणी विम्यात. सोडाला भागातल्या एका हिंदी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, त्यांची उपासना आटोपली की दुपारी आमची व्हायची. पाळक, म्हणजे पास्टर, महिन्यातून एकदा बाहेरगावाहून येत आणि त्या रविवारी प्रभुभोजन असे. प्रभूनं आपल्यासाठी देह दिला, त्याची आठवण म्हणून भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. शिक्षाबाई त्या ताटाला उघड्या हातानं शिवायच्यासुद्धा नाहीत. पदराचं टोक हातावर घ्यायचं, पदरातूनच ताट धरायचं आणि पुढे द्यायचं. गरम पातेलं उतरवावं तसं. आणि त्यांच्या मागेपुढे बसलेली, एकमेकांच्या घरी काय शिजलं हे जाणणारी इतकी माणसं याबद्दल एक अक्षर बोलत नव्हती. याला मंडळीत 'मर्यादा' म्हणतात. मी वेगळा शब्द वापरते, पण तो इथे छापायला नको.

शिक्षाबाई हे नाव अर्थात आम्हा मुलांनी दिलेलं. खरं नाव रत्नमाला साळवे. साळवेकाका रेल्वेत होते. त्यांची बदली झाली आणि दोघं नगरकडून जयपूरला आली. स्टेशनवरून रिक्षानं येताना बाईंना एका सरकारी शाळेची भिंत दिसली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: 'शिक्षा हर बच्चे का अधिकार'. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि काकांना विचारलं, "अहो, इथल्या पोरांचं कठीण दिसतंय. शिक्षा हा हक्क कधीपासून झाला?"

काकांनी ही गोष्ट पहिल्याच रविवारी सगळ्यांना सांगितली आणि हॉल खदखदून हसला. बाई नाही हसल्या. मग त्या आम्हा मुलांचा शब्बाथ शाळेचा, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग घ्यायला लागल्या आणि घोळ आणखी वाढला. आम्ही सगळी हिंदी शाळेतली, शिक्षा म्हणजे शिक्षण समजणारी. त्या दटावायच्या, "गप्प बसा, नाहीतर शिक्षा मिळेल." माझ्याहून खूप धाकटी बहीण रूथ, तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागलेली, म्हणायची, "मिळू दे ना बाई. स्कूलमध्ये पण तीच मिळते." तेव्हापासून त्या शिक्षाबाई.

त्यांची दुसरी सवय मला जास्त छळायची. काहीही झालं की त्या म्हणायच्या, "चुकलं माझं." कुकरची शिटी वाजली नाही, चुकलं माझं. पाळकांची गाडी उशिरा आली, चुकलं माझं. एकदा राजा पार्कच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर होते. ज्यूसवाल्याच्या हातून मोसंबीचा अख्खा ग्लास त्यांच्या साडीवर सांडला. तो बिचारा कपडा घेऊन धावत आला, तर बाई आधीच म्हणाल्या, "चुकलं माझं, भैया."

"नहीं आंटीजी, गलती तो मेरी है."

"असू दे, असू दे. मी मध्ये उभी होते ना."

येताना मी चिडले. "बाई, साडी तुमची, डाग तुम्हाला, आणि माफी पण तुमचीच?"

"सवय आहे गं."

"ही सवय नाही. हा आजार आहे."

"असेल. चुकलं माझं."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? भांडायला समोर कुणीतरी उभं लागतं. बाई आधीच खाली बसलेल्या असायच्या.

मी पत्रकांवर वाढले, हे इथे सांगायला हवं. माझे पप्पा मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी एक, आणि मंडळीसाठी चार पानी पत्रकं तेच लिहायचे आणि छापून घ्यायचे. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर गठ्ठे असत आणि घड्या घालता घालता आम्ही जेवत असू. मराठी वाचायला मी त्या पत्रकांवरून शिकले. त्यामुळे 'नारळ' हा शब्द वाचता यायच्या आधी मला 'नरक' वाचता यायला लागला. पप्पांच्या प्रत्येक पत्रकाची चाल एकच. साडेतीन पानं पाप आणि शेवटच्या अर्ध्या पानात आनंद. तोही घाईघाईनं उरकलेला, खाली 'आजच निर्णय घ्या' लिहायला जागा हवी म्हणून. कॉलेजात गेल्यावर मी त्यांना विचारलं होतं, "पप्पा, सुवार्ता म्हणजे चांगली बातमी ना? मग ती इतक्या उशिरा का सांगता?" ते म्हणाले, "आधी माणसाला आपण आजारी आहोत हे कळायला पाहिजे." मी म्हटलं, "शिक्षाबाईंना कळलेलं आहे. त्यांना औषध कोण देणार?" त्यावर पप्पांनी गठ्ठा पुढे सरकवला आणि म्हणाले, "घड्या घाल."

बाईंचा आजार काय होता, ते मला एका थंडीत कळलं. जवाहर नगरात त्यांच्या भाड्याच्या घराची गच्ची होती. तिथे उन्हात बसून आम्ही दोघी मटार सोलत होतो. मी सरळ विचारलं, "बाई, तुम्ही प्रभुभोजन का घेत नाही?"

त्यांनी मान वर केली नाही. मटार सोलता सोलताच त्यांनी सांगितलं. शाळेत असताना त्या मुलींच्या बोर्डिंगात होत्या. सुशीला म्हणून जिवाची मैत्रीण होती. गणितात सगळ्यांत पुढे, भिंतीवर चढण्यातही पुढे. गावात सर्कस आली. एका संध्याकाळी सुशीला भिंत चढून सर्कस बघायला गेली. एकटीच गेली. प्रार्थनेच्या वेळी हजेरीत ती सापडली नाही. मेट्रनबाईंनी सगळ्या मुलींना उभं करून विचारलं, कुणाला माहीत आहे? रत्नमालानं हात वर केला.

"मेट्रनबाई सगळ्यांसमोर मला शाबास म्हणाल्या," बाई म्हणाल्या. "खरं बोलणारी मुलगी म्हणाल्या. सुशीलाच्या बापाला बोलावून घेतलं. तो तिला घेऊन गेला. शाळा सुटली तिची. पुढच्या उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. गणित राहिलं तिथंच."

"पण तुम्ही खोटं तर बोलला नाहीत."

"नाही बोलले. पण खरं बोलायचं म्हणून काय मी हात वर केला होता? तिनं मला नेलं नाही, म्हणून केला." त्यांनी पुढची शेंग उचलली. "इथं प्रत्येक शाळेच्या भिंतीवर तो शब्द लिहिलेला आहे ना, शिक्षा. तुम्ही पोरं त्यात शाळा वाचता. मी दोन्ही वाचते. एक तिची गेली, एक तिला मिळाली. दोन्ही माझ्यामुळं."

माझं डोकं फिरलं. सर्कस बघितली म्हणून मुलीची शाळा बंद करणारं बोर्डिंग, तिला शाळेतून काढून लग्नाला उभी करणारा बाप, चुगली करणाऱ्या मुलीला शाबासकी देणारी मेट्रन. एवढी मोठी माणसं मोकळी सुटली आणि ओझं वाहतेय कोण, तर त्या दिवशी शाळकरी असलेली एक मुलगी. मी हे सगळं मोठ्यानं बोलले. खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाईंनी वर डोकावून पाहिलं.

बाई म्हणाल्या, "त्यांचं ते बघतील. माझं मला बघायचंय."

"आणि प्रभू? तो काहीच बघत नाही?"

"तो बघतो गं. म्हणूनच हात लावत नाही ताटाला."

मी पप्पांना जाऊन सगळं सांगितलं आणि म्हटलं, बाईंशी बोला. पप्पा म्हणाले, "त्यांच्या मनाची तयारी होऊ दे. पश्चात्तापाला वेळ लागतो." बाईंचे केस पांढरे झाले होते. आणखी किती वेळ लागतो म्हणे?

जे आम्हा शहाण्यांना जमलं नाही ते रूथनं केलं, आणि तेही चुकून. प्रभुभोजनाचा रविवार होता. आत मोठ्यांची उपासना चालू होती आणि बाहेरच्या व्हरांड्यात सतरंजीवर बाईंचा वर्ग. मी पोरांना रंगाचे खडू वाटत होते. बाई शुभशुक्रवारचा, म्हणजे गुड फ्रायडेचा पाठ घेत होत्या. त्यांनी नेहमीसारखं सांगितलं, "आपली शिक्षा प्रभूनं स्वतःवर घेतली. वधस्तंभावर ती पूर्ण केली."

रूथनं हात वर केला. "पूर्ण केली मतलब? पूरी हो गई?"

"हो. पूर्ण झाली."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"तुमची पण, बाई?"

बाई थांबल्या. हे वाक्य त्यांनी कितीतरी वर्षं मुलांना शिकवलं होतं, पण ते त्यांना कुणी परत विचारलं नव्हतं. म्हणाल्या, "माझी पण."

रूथच्या कपाळावर आठी पडली. तिच्या डोक्यात शिक्षा म्हणजे शाळाच. "मग तुम्ही अजून रोज-रोज शिक्षेला का जाता? शिक्षा पूर्ण झाली की सुट्टी असते ना."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या पोटातून कुठून तरी एक आवाज निघाला. मला वाटलं, त्यांना ठसका लागला. पण त्या हसत होत्या. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या. पोरंही हसायला लागली. काय झालं ते कुणालाच कळलं नव्हतं, पण शिक्षाबाई हसताहेत एवढं पुरेसं होतं.

हॉलचं दार उघडून पप्पा बाहेर आले. "बाई, आत पापकबुलीची प्रार्थना चाललीय."

"चालू द्या," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझी झाली. मला सुट्टी लागली."

पप्पा माझ्याकडे बघायला लागले, जणू मी बाईंना काही पाजलं होतं.

त्या दिवशी बाई आत जाऊन आपल्या जागेवर बसल्या. मी शेजारी. ताट पप्पाच फिरवत होते. आमच्या रांगेशी येताच सवयीनं त्यांनी ते बाईंच्या समोरून माझ्याकडे वळवायला घेतलं. बाईंनी हात पुढे केला. मोकळा हात, पदर खांद्यावर. पप्पा थबकले. हळूच म्हणाले, "बाई, मनाची तयारी झालीय ना?" एका क्षणापुरतंच, पण त्यांनी ताट मागे घेतलं. माझ्या सख्ख्या बापानं. त्या क्षणाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

"तयारी कसली भाऊसाहेब," बाई म्हणाल्या, "सुट्टीला तयारी लागते होय?" आणि त्यांनी तुकडा उचलला.

गोष्ट इथे संपली असती तर ते पप्पांच्या पत्रकातलं शेवटचं अर्धं पान झालं असतं. पप्पांना तेच हवं होतं. दोन आठवड्यांत त्यांनी पत्रक लिहून आणलं. साडेतीन पानं पाप. त्यात सुशीला म्हणजे 'वाईट मार्गाला लागलेली एक तरुणी' झाली होती. बाईंनी ते आमच्या टेबलाशी बसून वाचलं आणि त्यांना पहिल्यांदाच मी ठाम बोलताना पाहिलं.

"हे छापायचं नाही, भाऊसाहेब."

"अहो, साक्ष आहे तुमची. कितीजणांना उपयोग होईल."

"सुशीला सर्कस बघायला गेली होती. पापाला नव्हती गेली. तुम्ही तिला पुन्हा घरी पाठवताय."

पप्पांनी कागद दुमडून खिशात घातला. मी गठ्ठ्यासाठी आणलेला दोरा परत खणात ठेवला. त्यात मला जरा जास्तच आनंद झाला.

पण माझाही एक प्रश्न होता आणि तो विचारल्याशिवाय मी बाईंना सोडलं नाही. मला तत्त्वाची माणसं आवडतात, आणि हा आनंद मला जरा स्वस्त वाटत होता. मी म्हटलं, "बाई, तुम्ही मोकळ्या झालात. छान झालं. पण सुशीलामावशीचं काय? तिच्या गणिताचं काय?"

मला वाटलं, त्या आता 'चुकलं माझं' म्हणणार. नाही म्हणाल्या. म्हणाल्या, "तेच तर. इतकी वर्षं मी तिच्यासाठी रडत होते असं मला वाटायचं. कुठलं काय. मी माझ्याचपाशी बसून होते. तिच्याकडे एकदा तरी गेले का? अंगावर शिक्षा आहे म्हणून तोंड लपवत होते. आता सुट्टी आहे. सुट्टीत माणूस कुणाकडे तरी जातं."

आणि त्या गेल्या. सुशीलामावशी नगर जिल्ह्यातच एका गावात राहत होत्या. ख्रिस्तीच, पण देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शेवटच्या बाकावर बसणाऱ्या. बाई परत आल्यावर मी विचारलं, "केलं का माफ?"

"नाही," बाई अगदी आनंदानं म्हणाल्या. "सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, माफीचं बघू. आधी चहा घे."

"म्हणजे काहीच झालं नाही."

"चहा झाला की."

मला हा आनंद कळेना. दोष होता तेव्हा वाजवीपेक्षा जास्त, आणि आता माफी मिळालेली नाही तरी ही बाई खूष. पण त्यांची 'चुकलं माझं'ची जपमाळ थांबली होती, हे नक्की. चुकलं तर एकदाच म्हणायच्या आणि मग पुढच्या कामाला लागायच्या. ज्यूसवाल्यालाही एकदा म्हणाल्या, "भैया, बर्फ जास्त झालाय. गलती तुमची आहे." तो हसला आणि नवा ग्लास दिला.

काका निवृत्त झाले आणि दोघं नगरकडे परत गेली. घर मुद्दाम सुशीलामावशींच्या गावात घेतलं. जाताना बाईंनी रूथला जवळ घेऊन सांगितलं, "शाळेच्या भिंती वाचत जा. तुझं वाचन माझ्यापेक्षा बरोबर आहे." पुढे फोनवर मी दर वेळी तोच प्रश्न विचारायची. "केलं का माफ?" आणि बाई तेच उत्तर द्यायच्या. "बघू म्हणते. आज चहात आलं घातलं होतं."

या वर्षी बाई गेल्या. दुपारी आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. पप्पा, रूथ आणि मी गेलो. माती झाली. लोक पांगले तरी एक उंच, वाळकी बाई कबरीपाशी उभीच होती. काकांनी सांगितलं, ही सुशीला. मी जवळ गेले. मला राग आला होता, तो लपला नसेल. मी म्हटलं, "मावशी, शेवटपर्यंत नाही केलंत ना माफ?"

त्या म्हणाल्या, "केव्हाच केलं होतं. तोंडानं तेवढं बोलायचं ठेवलं होतं. म्हटलं, एकदा बोलून टाकलं की ही यायची बंद होईल." मग कबरीकडे बघत म्हणाल्या, "राहिलं ते. चुकलं माझं."

ते शब्द मी इतकी वर्षं दुसऱ्याच तोंडून ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. गावच्या देवळात प्रभुभोजन होतं. मी मुद्दाम शेवटच्या बाकावर सुशीलामावशींच्या शेजारी बसले. ताट आलं. त्यांनी पदराचं टोक हातावर घेतलं, पदरातून ताट धरलं आणि माझ्याकडे दिलं.

मी घेतलं नाही. एक हात ताटाला लावला आणि ते दोघींच्या मध्ये तसंच धरून ठेवलं. म्हटलं, "मावशी, तुम्ही माफ केलंय हे बाईंना कळलं होतं. फोनवर दर वेळी तुमच्या चहाचं हसत सांगायच्या त्या. त्यांची सुट्टी झाली होती. तुमचीही झालीय." पुढच्या बाकावरच्या माणसानं मागे वळून पाहिलं. कुणीतरी खाकरलं. ताट अडलं होतं ना. मावशी त्या तुकड्यांकडे बघत राहिल्या. त्यांचा हात पदरातून बाहेर आला, ताटाच्या काठापर्यंत गेला आणि तिथं थांबला.

"पुढच्या खेपेला बघू," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत पप्पा म्हणाले, "बाईंचं पत्रक तूच लिही. पण साडेतीन पानं आनंदाची झाली, तर लोक वाचतील का?" मी म्हटलं, "आपण एकदा तरी छापून बघितलंय का?" हे ते पत्रक. पानं मी मोजलेली नाहीत.

आता एक मागणं. पुढची खेप महिनाभरानं येईल आणि मी जयपुरात असेन. त्या शेवटच्या बाकावर मी नसेन. पण तुमच्या देवळातही शेवटचा बाक आहे, आणि त्यावर कुणीतरी पदरातून ताट धरणारं बसलेलं आहे, हे तुम्हाला माहीत आहे. या रविवारी जाऊन त्यांच्या शेजारी बसा. ताट हातात आलं की लगेच पुढे देऊ नका. कुणी खाकरलं तर खाकरू द्या. धरून ठेवा.